पोस्टग्रेसमधलं ट्रान्झॅक्शन: तेरीज जुळायची असेल तर

पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरमध्ये खाते १०१ मधून खाते २०५ मध्ये ५,००० रुपये वर्ग करायचे आहेत. डेटाबेसच्या बाजूने ही चार कामं आहेत: १०१ ची शिल्लक कमी करायची, २०५ ची वाढवायची, खतावणीत एक नावे नोंद टाकायची आणि एक जमा नोंद. पहिलं काम झालं आणि सर्व्हरची वीज गेली, तर ५,००० रुपये कुणाच्याच खात्यात नाहीत. यासाठी ट्रान्झॅक्शन, म्हणजे सगळी कामं एकत्र होतील नाहीतर एकही होणार नाही असा गट, लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोडमध्ये बिगिन-कमिट (गट सुरू, गट पक्का) लिहिलेलंही असतं. तरी महिनाअखेरीला तेरीज (सगळ्या खात्यांच्या नावे-जमेचा ताळा) जुळत नाही.

असं का होतं? वीज जाणं क्वचित घडतं. दोन काउंटरवरून एकाच खात्यावर एकाच क्षणी काम होणं मात्र रोजचं आहे. बिगिन-कमिट वीज गेली तर वाचवतं, दुसऱ्या प्रसंगात आपोआप वाचवत नाही. पुढचं सगळं पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) हा डेटाबेस धरून लिहिलं आहे. मायएसक्यूएल जिथे वेगळं वागतं ते शेवटाकडे येईल. आदेश इथे देवनागरीत दिले आहेत, टाइप करताना ते नेहमीसारखे रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत लिहा.

आधी टेबलं नीट करा

कोड कितीही जपून लिहिला तरी शेवटचा पहारा टेबलावर हवा. रकमेच्या कॉलमला फ्लोट किंवा डबल प्रिसिजन कधीच देऊ नका. दशांशातले १० पैसे बायनरीत नेमके बसत नाहीत आणि व्याजाच्या हिशेबात पैशापैशाने फरक साठत जातो. न्यूमेरिक (१४,२) घ्या, नाहीतर सगळं पैशांत मोजून बिगइंट वापरा.

शिल्लक कॉलमवर चेक (अट मोडली की बदल नाकारणारा नियम) लावा: शिल्लक >= ०. कॅश क्रेडिटची खाती असतील तर मर्यादा नावाचा वेगळा कॉलम ठेवून शिल्लक >= -मर्यादा असं लिहा. नोंदींच्या टेबलात खाते क्रमांकाला फॉरेन की द्या, म्हणजे अस्तित्वात नसलेल्या खात्याची नोंद पडणार नाही. प्रत्येक व्यवहाराला एक संदर्भ क्रमांक द्या आणि त्यावर युनिक लावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा पडणार नाही. या युनिकचं महत्त्व पिग्मीच्या भागात कळेल.

एकाच व्यवहारातल्या नावे-जमा नोंदींची बेरीज शून्य असायला हवी, हेही डेटाबेसकडून तपासून घेता येतं. त्यासाठी कन्स्ट्रेंट ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारी तपासणी) लिहा आणि तो डिफरेबल इनिशिअली डिफर्ड ठेवा. साधा ट्रिगर पहिली नोंद पडताच ओरडेल, कारण तेव्हा दुसरी आलेलीच नसते. डिफर्ड ट्रिगर कमिटच्या वेळी तपासतो. म्हणजे एरर कमिटवरही येऊ शकते, तेव्हा कमिटही ट्राय-कॅचच्या आतच हवं.

साधा सांगाडा, आणि त्यातल्या दोन फटी

बिगिन;
अपडेट खाती सेट शिल्लक = शिल्लक - ५००० व्हेअर खाते_क्र = १०१ अँड शिल्लक >= ५०००;
अपडेट खाती सेट शिल्लक = शिल्लक + ५००० व्हेअर खाते_क्र = २०५;
इन्सर्ट इनटू नोंदी … (नावे आणि जमा, दोन्ही एकाच इन्सर्टमध्ये)
कमिट;

बिगिन न लिहिता हेच आदेश दिले तर ऑटोकमिट चालू असतो आणि प्रत्येक ओळ स्वतंत्र ट्रान्झॅक्शन ठरते. इथवर ठीक.

पहिली फट: अपडेटने एकही ओळ बदलली नाही तर पोस्टग्रेस त्याला एरर मानत नाही. २०५ ऐवजी चुकून २०५५ असा अस्तित्वात नसलेला क्रमांक आला, तर उत्तर येतं «अपडेट ०», आणि पुढचं कमिट आनंदाने होतं. १०१ चे पैसे गेले, मिळाले कुणालाच नाहीत. फॉरेन की असेल तर नोंद टाकताना हे पकडलं जाईल, पण त्यावर विसंबू नका. प्रत्येक अपडेटनंतर किती ओळी बदलल्या तो आकडा ड्रायव्हरकडून घ्या आणि तो १ नसेल तर रोलबॅक करा, म्हणजे बिगिनपासूनचं सगळं मागे घ्या. पहिल्या अपडेटमध्ये ० आलं, तर खातं नाही किंवा शिल्लक पुरेशी नाही. ग्राहकाला काय दाखवायचं ते ठरवायला रोलबॅकनंतर वेगळी क्वेरी करा.

दुसरी फट: ट्रान्झॅक्शनच्या मध्ये एखादा आदेश चुकला की पोस्टग्रेस ते अख्खं ट्रान्झॅक्शन रद्द समजतो. त्यानंतरच्या प्रत्येक आदेशाला २५पी०२ ही एरर मिळते. अशा अवस्थेत कमिट पाठवलं तर एरर येत नाही. सर्व्हर गपचूप रोलबॅक करतो आणि उत्तरात «रोलबॅक» हा शब्द पाठवतो. पीएसक्यूएल या आदेश टाइप करण्याच्या साधनाच्या खिडकीत तो डोळ्यांना दिसतो, पण काही लायब्ररी त्याकडे बघतही नाहीत. मधली एरर कोडमध्ये गिळून पुढे कमिट केलं की स्क्रीनवर «व्यवहार यशस्वी» येतं आणि डेटाबेसात काहीच नसतं. म्हणून एरर आली की थेट रोलबॅक. मधला एखादाच आदेश चुकला तरी पुढे जायचं असेल, तर त्याच्या आधी सेव्हपॉइंट ठेवा आणि तिथवरच मागे या.

दोन काउंटर, एक खातं

खरा घोळ इथे होतो. बऱ्याच कोडमध्ये आधी शिल्लक वाचतात, प्रोग्रॅममध्ये वजाबाकी करतात आणि आलेला आकडा परत लिहितात. खात्यात १०,००० आहेत असं धरा.

काउंटर अ: बिगिन, शिल्लक वाचली, १०,०००.
काउंटर ब: बिगिन, शिल्लक वाचली, १०,०००.
काउंटर अ: ७,००० काढले, शिल्लक ३,००० लिहिली, कमिट.
काउंटर ब: ४,००० काढले, शिल्लक ६,००० लिहिली, कमिट.

ग्राहकाच्या हातात ११,००० गेले आणि खात्यात अजून ६,००० दिसताहेत. दोन्हीकडे बिगिन होतं, कमिट होतं, एरर एकही नाही. चेकही काही करू शकला नाही, कारण ६,००० हा आकडा शून्याहून मोठाच आहे. पोस्टग्रेसची मूळ आयसोलेशन पातळी (एकाच वेळी चालणारी ट्रान्झॅक्शनं एकमेकांपासून किती वेगळी ठेवायची ते) रीड कमिटेड आहे. दुसऱ्याने कमिट न केलेलं तुम्हाला दिसणार नाही, एवढीच तिची हमी. तुम्ही वाचलेलं मधल्या काळात बदलणार नाही, असं ती कुठेच म्हणत नाही.

याला तीन उपाय आहेत आणि ते याच क्रमाने वापरावेत असं आमचं मत आहे.

पहिला म्हणजे वाचूच नका. वरच्या सांगाड्यासारखं «शिल्लक = शिल्लक - ५०००» असं लिहा आणि अट त्याच अपडेटच्या व्हेअरमध्ये घाला. दुसरा काउंटर त्याच ओळीवर आला की पहिल्याचं कमिट होईपर्यंत थांबतो. मग पोस्टग्रेस त्या ओळीची नवी आवृत्ती घेऊन व्हेअरची अट पुन्हा तपासतो. शिल्लक ३,००० उरली असेल तर ४,००० ची अट बसत नाही आणि «अपडेट ०» येतं. लॉकचा वेगळा आदेश नाही, पुन्हा प्रयत्नाची भानगड नाही. दहापैकी आठ ठिकाणी एवढ्यावर भागतं.

दुसरा म्हणजे वाचा, पण लॉक लावून. किमान शिल्लक, दिवसाची मर्यादा, खातं गोठवलेलं आहे का, असं बरंच काही प्रोग्रॅममध्ये तपासायचं असेल तर सिलेक्टच्या शेवटी फॉर अपडेट लावा. त्याहून बरं म्हणजे फॉर नो की अपडेट. नोंदींच्या टेबलात फॉरेन की आहे, त्यामुळे नवी नोंद पडताना पोस्टग्रेस खात्याच्या ओळीवर एक हलकं लॉक घेतो. फॉर अपडेट त्यालाही अडवतं, फॉर नो की अपडेट अडवत नाही. शिल्लकच बदलायची आहे, खाते क्रमांक नाही, तर जड लॉक कशाला? ग्राहकाला ताटकळत ठेवायचं नसेल तर नोवेट जोडा, म्हणजे ओळ अडकलेली असल्यास लगेच एरर मिळते.

तिसरा म्हणजे आयसोलेशनची पातळी वाढवणं. रिपीटेबल रीडमध्ये काउंटर ब चं अपडेट ४०००१ या एररने पडतं आणि त्याला सगळं पहिल्यापासून करावं लागतं. सिरिअलायझेबल त्याच्याही पुढे जातं: ट्रान्झॅक्शनं एकामागून एक चालल्यासारखाच निकाल देतं. त्याची गरज कुठे पडते ते आता.

जामीनदाराचा प्रश्न

समजा नियम असा: एक सभासद एका वेळी जास्तीत जास्त दोन कर्जांना जामीन राहू शकतो. एका सभासदाच्या नावावर सध्या एक जामीन आहे. दोन शाखांत एकाच वेळी दोन अर्ज आले. दोन्ही ट्रान्झॅक्शन मोजतात, दोघांनाही १ दिसतं, दोघंही आपापली नवी ओळ टाकतात. जामीन झाले तीन. इथे कुणीच दुसऱ्याची ओळ बदललेली नाही, त्यामुळे ओळीवरचं लॉक आड येत नाही आणि रिपीटेबल रीडसुद्धा हे पकडत नाही.

सोपा मार्ग असा: मोजण्याआधी सभासदांच्या टेबलातली त्या जामीनदाराची ओळ फॉर अपडेटने धरा, मग वेगळ्या क्वेरीने मोजा, मग इन्सर्ट करा. हे रीड कमिटेडमध्येच करा. तिथे प्रत्येक आदेशाला ताजं चित्र मिळतं, म्हणून लॉक मिळाल्यानंतरच्या मोजणीत दुसऱ्या शाखेची ओळ दिसते. रिपीटेबल रीडमध्ये चित्र पहिल्याच आदेशाला गोठतं. लॉकसाठी थांबलात तरी मोजणी जुन्याच चित्रावर होते, आणि दुसऱ्याने ती ओळ फक्त धरली होती, बदलली नव्हती, म्हणून एररही येत नाही. पातळी वाढवली म्हणजे अधिक सुरक्षित झालो, हा समज इथे अंगाशी येतो.

असे नियम बरेच असतील आणि प्रत्येकासाठी कोणती ओळ धरायची हे ठरवणं अवघड जात असेल, तर सिरिअलायझेबल वापरा. पोस्टग्रेसमध्ये खरं सिरिअलायझेबल २०११ च्या ९.१ आवृत्तीपासून आहे. दोन अटी लक्षात ठेवा. त्या डेटाला हात लावणारं प्रत्येक ट्रान्झॅक्शन सिरिअलायझेबल असायला हवं; एखादी जुनी बॅच रीड कमिटेडमध्ये चालली तर हमी संपली. आणि ज्या कॉलमवर शोधता त्यावर इंडेक्स हवा, नाहीतर पूर्ण टेबल वाचलं जातं, पोस्टग्रेस पूर्ण टेबलावर खूण ठेवतो आणि संबंध नसलेली ट्रान्झॅक्शनंही ४०००१ ने पडू लागतात.

डेडलॉक आणि पुन्हा प्रयत्न

अ ने १०१ धरलं आणि २०५ ची वाट बघतोय, ब ने २०५ धरलं आणि १०१ ची. हा डेडलॉक. पोस्टग्रेस एक सेकंद थांबून तपासतो, ती डेडलॉक टाइमआउटची मूळ किंमत आहे, आणि दोघांपैकी एकाला ४०पी०१ देऊन मोकळा होतो. तो एक सेकंद कमी करत बसू नका. पैसे कोणत्याही दिशेने जावोत, लहान क्रमांकाचं खातं आधी धरा. दोन्ही खाती एकाच सिलेक्टमध्ये ऑर्डर बाय खाते_क्र लावून लॉक केली की या प्रकारचे डेडलॉक संपतात. संस्थेचं रोख खातं किंवा व्याज खातं प्रत्येक व्यवहारात येत असेल, तर त्या एका ओळीसाठी सगळे रांगेत उभे राहतात. तिथे शिल्लक साठवूच नका, नोंदींची बेरीज करून काढा.

४०००१ आणि ४०पी०१ या दोनच एररना आपोआप पुन्हा प्रयत्न करा. पुन्हा म्हणजे बिगिनपासून, वाचनासकट. आधी वाचलेले आकडे हातात ठेवून फक्त शेवटचे अपडेट परत चालवले, तर वर टाळलेली चूक आपण स्वतःच करतो. तीन ते पाच प्रयत्न पुरेत, आणि दोन प्रयत्नांमध्ये थोडा, दर वेळी वेगळा थांबा ठेवा: ५० मिलिसेकंद, मग १०० च्या आसपास, असं वाढवत. २३५१४ म्हणजे चेक मोडला. तो कितीदाही केला तरी मोडणारच.

पावती क्रमांक

सीक्वेन्स, म्हणजे आपोआप पुढचा क्रमांक देणारी डेटाबेसची सोय, रोलबॅक होत नाही. ट्रान्झॅक्शन मागे आलं तरी घेतलेला क्रमांक गेला तो गेलाच. ४१२ नंतर थेट ४१४. अंतर्गत आयडीसाठी हे चालतं. जीएसटीच्या बीजकाचं तसं नाही. सीजीएसटी नियम ४६ प्रमाणे बीजकाला जास्तीत जास्त १६ अक्षरांचा, त्या आर्थिक वर्षात एकमेव असा सलग क्रमांक लागतो. तिथे वर्ष आणि मालिकेप्रमाणे एक ओळ असलेलं छोटं टेबल ठेवा आणि «अपडेट … सेट शेवटचा = शेवटचा + १ … रिटर्निंग शेवटचा» करून त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये क्रमांक घ्या. रोलबॅक झालं की क्रमांकही परत जातो. मोबदल्यात बीजकं एकामागून एक बनतात, म्हणून हा अपडेट ट्रान्झॅक्शनच्या अगदी शेवटी ठेवा.

एसएमएस, पिग्मी आणि बाहेरचं जग

एसएमएस पाठवला की तो रोलबॅक होत नाही. ट्रान्झॅक्शनच्या मध्ये एसएमएस किंवा पेमेंट गेटवेला हाक मारली तर दोन तोटे: पुढे रोलबॅक झालं तर खोटा निरोप जातो, आणि समोरचा सर्व्हर मंद असेल तर तितका वेळ तुमची लॉक अडकून राहतात. त्यापेक्षा «पाठवायचे» नावाच्या टेबलात त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये ओळ टाका. वेगळा प्रोग्रॅम ती उचलून पाठवेल. असे दोन-तीन प्रोग्रॅम एकत्र चालत असतील तर ओळी उचलताना फॉर अपडेट स्किप लॉक्ड वापरा, म्हणजे एकच ओळ दोघं घेणार नाहीत. पाठवून झालं आणि तशी खूण करण्याआधी प्रोग्रॅम पडला, तर तोच एसएमएस दोनदा जाईल. एसएमएसला ते खपतं, पैशाला नाही.

पिग्मी एजंटचं मशीन संध्याकाळी दिवसभराची वसुली अपलोड करतं. सर्व्हरवर कमिट झालं, पण «झालं» हे उत्तर परत येताना नेटवर्क गेलं. मशीनला वाटतं अपलोड फसलं, एजंट पुन्हा बटण दाबतो, आणि शे-दीडशे खातेदारांचे हप्ते दोनदा जमा. कमिटचं उत्तर हरवलं तर कमिट झालं की नाही हे पाठवणाऱ्याला कळायला मार्ग नसतो, आणि याला कुठलीच आयसोलेशन पातळी उपयोगी नाही. उपयोगी पडतो तो युनिक. मशीन क्रमांक, दिनांक आणि मशीनवरचा पावती क्रमांक मिळून संदर्भ बनवा. तो मशीनवरच तयार झाला पाहिजे, सर्व्हरवर नाही. नोंद टाकताना इन्सर्टला ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग जोडा, आणि खरोखर ओळ पडली तरच शिल्लक वाढवा. मग एजंटने बटण कितीही वेळा दाबलं तरी हरकत नाही.

दोन वेगळ्या बँकांच्या डेटाबेसांवर तर एक कमिट पसरतच नाही. यूपीआयमध्ये एका खात्यातून पैसे कापले जाऊन दुसरीकडे जमा न होणं यामुळेच संभवतं. तिथे उलट नोंद करून पैसे परत द्यावे लागतात. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकात त्याची मुदत घालून दिली: यूपीआयने खात्यात पैसे पाठवताना असं झालं तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परतावा, त्यापुढे दररोज १०० रुपये भरपाई.

कमिट झालं म्हणजे डिस्कवर गेलं का

कमिटचं उत्तर देण्याआधी पोस्टग्रेस त्या बदलांची नोंद वॉल नावाच्या लॉगमध्ये लिहितो आणि एफसिंक करून ती डिस्कवर उतरवतो. टेबलांच्या मूळ फाइली नंतर सवडीने लिहिल्या जातात. वीज गेली तर सुरू होताना शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा (फाइली लिहून पूर्ण झाल्याच्या खुणेपासूनचा) लॉग पुन्हा चालवला जातो. वेग वाढवण्याच्या सल्ल्यांमध्ये दोन सेटिंग हमखास सापडतात. सिंक्रोनस कमिट बंद केलं तर वीज गेल्यावर शेवटचे काही व्यवहार, मूळ सेटिंगप्रमाणे साधारण ०.६ सेकंदांपर्यंतचे, हरवू शकतात, पण उरलेला डेटा सुसंगत राहतो. एफसिंक बंद केलं तर डेटाबेसच खराब होऊ शकतो. पहिलं लॉगिनच्या नोंदींसारख्या किरकोळ कामाला चालेल. दुसऱ्याला हात लावू नका.

डिस्कही खोटं बोलू शकते. पीजी टेस्ट एफसिंक हे साधन पोस्टग्रेसबरोबरच येतं, ते चालवा. ७,२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला १२० फेरे मारते. अशी एकटी डिस्क सेकंदाला हजारो एफसिंक दाखवत असेल, तर ती कॅशमध्ये लिहून «झालं» म्हणते आहे.

उघडं राहिलेलं ट्रान्झॅक्शन

कुणीतरी बिगिन करून जेवायला गेलं की त्याने धरलेली लॉक तशीच राहतात. शिवाय ते ट्रान्झॅक्शन जुनं चित्र धरून बसलं असेल तर व्हॅक्यूमला जुन्या ओळी साफ करता येत नाहीत आणि टेबल फुगत जातं. पीजी स्टॅट अ‍ॅक्टिव्हिटीमध्ये स्टेट «आयडल इन ट्रान्झॅक्शन» असलेल्या ओळी आणि त्यांचा एक्सअ‍ॅक्ट स्टार्ट बघा. कोण कुणाला अडवतंय ते पीजी ब्लॉकिंग पिड्स हे फंक्शन सांगतं. आयडल इन ट्रान्झॅक्शन सेशन टाइमआउट मुळात ० म्हणजे बंद असतो, तो ६० सेकंदांवर ठेवा. लॉक टाइमआउटही मुळात बंदच असतो, काउंटरच्या कामाला ५ सेकंद पुरेत. तिमाही व्याज टाकण्यासारखं मोठं काम एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये न घेता ५००-५०० खात्यांच्या तुकड्यांत करा. प्रत्येक नोंदीला खाते आणि तिमाही मिळून युनिक संदर्भ द्या, म्हणजे मध्येच थांबलं तरी पुन्हा चालवता येतं.

मायएसक्यूएल वापरत असाल तर

टेबल इनोडीबी (मायएसक्यूएलमधला ट्रान्झॅक्शन पाळणारा साठवणीचा प्रकार) आहे ना ते आधी बघा. जुन्या मायआयसॅम टेबलांवर रोलबॅक लिहिलं तरी बदल मागे येत नाहीत. इनोडीबीची मूळ पातळी रिपीटेबल रीड आहे, पण वाचून मग लिहिण्याची चूक ती पोस्टग्रेससारखी एरर देऊन पकडत नाही, म्हणून तिथे पहिला किंवा दुसरा उपायच धरा. लॉकची वाट ५० सेकंद बघून एरर आली, तर मूळ सेटिंगमध्ये फक्त शेवटचा आदेश मागे जातो आणि ट्रान्झॅक्शन चालूच राहतं, त्यामुळे रोलबॅक स्वतः पाठवा. मध्ये ऑल्टर टेबल केलं की तोवरचं सगळं कमिट होऊन जातं. पोस्टग्रेसमध्ये ते रोलबॅक करता येतं.

चाचणी

पीएसक्यूएलच्या दोन खिडक्या उघडा आणि दोन काउंटरचा वरचा क्रम ओळीने टाइप करा. कुठली खिडकी थांबते, कुठे «अपडेट ०» येतं ते समोर दिसेल. मग पीजीबेंच या भार टाकून बघण्याच्या साधनाला तुमची खरी वर्ग करण्याची स्क्रिप्ट द्या, मोजक्या दहा खात्यांवर २० क्लायंट ६० सेकंद चालवा आणि संपल्यावर तीन गोष्टी बघा: सगळ्या शिल्लकांची बेरीज आधीइतकीच आहे का, प्रत्येक खात्याची शिल्लक त्याच्या नोंदींच्या बेरजेशी जुळते का, आणि एका बाजूची नोंद असलेला एखादा व्यवहार राहिला आहे का. हेच चालू असताना पीजी सीटीएल स्टॉप इमिजिएट मोडमध्ये द्या, सर्व्हर पुन्हा सुरू करा आणि तेच तिन्ही ताळे घ्या. यात ऑपरेटिंग सिस्टिम चालूच राहते, म्हणून डिस्कचा खरेखोटेपणा कळत नाही. तो बघायला चाचणीच्या मशीनची वायर खरोखरच ओढावी लागते, आणि क्लायंट दुसऱ्या मशीनवर असावा लागतो, म्हणजे कमिटचं उत्तर मिळालेला शेवटचा संदर्भ क्रमांक तिथे लिहिलेला राहतो आणि तो डेटाबेसात सापडतो का ते शोधता येतं.